आत्याला ताप येत नाही

आमच्या आत्याला ताप येत नाही. थर्मामीटर १०२ दाखवतो, कपाळाला हात लावला तर चटका बसतो, गोधडीखाली दातांवर दात वाजत असतात. पण ताप नाही. "ताप यायला बघतोय रे, मी त्याला घेत नाहीये," असं तिचं म्हणणं. म्हणजे कुरिअरवाला पार्सल घेऊन दारात उभा आहे आणि ही सही करत नाहीये.

यामागे शास्त्र आहे. जीवन-मरण जिभेच्या हाती असल्याचं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात लिहिलंय. तेव्हा 'ताप आला' म्हटलं की तो आलाच. 'पैसे संपले' म्हणायचं नाही, 'पुरवठा वाटेत आहे' म्हणायचं. दूधवाल्याला हे अजून पटलेलं नाही.

शेवटी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, मावशी?"

"काही नाही. प्रभूच्या कृपेनं ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या पाठीमागे उभा राहून कपाळाला हात लावला आणि थोडं थरथरून दाखवलं.

"खोकला?"

"नाकारलाय."

"मग औषध देऊ की नको?"

"द्या की! औषधाला मी कुठं नाही म्हटलं?"

शेजारच्या काकू एकादशी न चुकवणाऱ्या. पण आत्याची ही शिकवण त्यांना एका बैठकीत पटली. त्यांच्याकडे वास्तू दिवसभर 'तथास्तु' म्हणत बसलेली असतेच, त्यामुळे घरात अभद्र बोलायची सोय नाही. देवाच्या बाबतीत दोघींचं जमत नाही, पण जिभेच्या बाबतीत एकमत. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा पणजोबांच्या वेळी झाला. वास्तुपुरुषाला मात्र तेव्हा कुणी कळवलेलं दिसत नाही.

आत्याला वाटतं ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून चालत आलीय. प्रत्यक्षात तिचा आजचा अवतार विसाव्या शतकातला आणि अमेरिकेतला. ओक्लाहोमातल्या केनेथ हेगिन या उपदेशकानं तिचा मोठा प्रसार केला: विश्वासानं बोला, आणि बोलाल ते पदरात पडेल. पुढे टीव्ही आला, मग मोबाइल आला, आणि ओक्लाहोमाचं वारं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. गंमत अशी की, अमेरिकन मिशनचीच माणसं आपल्याकडे आधीही आली होती. त्यांतल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं आणि लांबलांबचे रोगी तिथं रीघ लावू लागले. तेव्हाचं मिशन म्हणे, कुठं दुखतं ते सांग. आताचं म्हणतं, दुखतं म्हणून सांगू नकोस. मी बापडा मिरजेच्या बाजूचा.

पवित्र शास्त्रही, मला वाटतं, मिरजेच्याच बाजूचं आहे. ईयोबाचं पुस्तक बघा. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं आली. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. समाचाराला येणाऱ्यांनी यापेक्षा शहाणपणाचं वागल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. आठव्या दिवशी काही ते गप्प राहिले नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथून पुढचा. आधी ईयोबानं तोंड उघडलं ते आपल्या जन्मदिवसाला शाप द्यायला. 'नकारात्मक बोलू नये' हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो रडला, भांडला, थेट देवालाच जाब विचारू लागला. मित्र मात्र एकसारखे गोडगोड तत्त्वज्ञान सांगत राहिले: तुझंच काहीतरी चुकलं असणार, सरळ हो, मग सगळं छान होईल. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव कुणावर चिडतो? मित्रांवर! माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, अशी त्यांची कानउघाडणी होते. एवढंच नाही, त्यांच्यासाठी प्रार्थनाही ईयोबालाच करावी लागते.

हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "ईयोबाचं वेगळं होतं. त्याला खरंच काहीतरी झालं होतं."

जिभेबद्दल ज्यानं सगळ्यात कडक लिहिलंय तो याकोब. त्याच्या पत्राचा तिसरा अध्याय आमच्या मंडळीत लहानथोरांना पाठ: घोड्याचा लगाम, तारवाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. पण त्याचा रोख तापाच्या उच्चारावर नाहीच. ज्या तोंडानं देवाचा धन्यवाद करता, त्याच तोंडानं त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाचा उद्धार करता, ही त्याची तक्रार. याकोब आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेला आला असता तर त्यानं आणखी एक अध्याय लिहिला असता.

चटया अंथरल्या जातात, दुखणेकऱ्यांची नावं घेतली जातात, आणि मग एखादी बहीण डोळे मिटून सुरू करते: "हे स्वर्गीय बापा, मी नाव घेत नाही, तुला सगळं ठाऊकच आहे. पाण्याच्या टाकीमागं, निळ्या गेटाच्या घरी, थोरलीचं जमलेलं मोडलं. का मोडलं तेही तू जाणतोस, प्रभू. मुलाकडच्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं..." इथं सगळीकडून 'होय, प्रभू' वाढू लागतं. भिंतीला टेकून डुलक्या घेणाऱ्या आजीही सावरून बसतात. 'आमेन' झालं, चहाचे कप फिरले, की कुणीतरी हळूच विचारतं, "का गं, कुणी सांगितलं म्हणे?"

"मी कुठं काय बोलले, बाई? मी आपली प्रार्थना केली."

न्यायाच्या दिवशी प्रत्येक वायफळ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल, असं प्रभूनं मत्तयाच्या बाराव्या अध्यायात बजावलंय. आमच्या गल्लीचा हिशेब निघेपर्यंत मागच्या गल्ल्यांना बराच वेळ ताटकळावं लागणार. त्यानं खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायलाही सांगितलं होतं. त्या दाराचा उपयोग मला हल्ली जास्त जास्त कळायला लागलाय.

तेव्हा, वाचकहो, 'तुमच्यासाठी प्रार्थना करते हं' असं कुणी म्हणालं तर मनापासून आभार माना. फक्त घरी करणार की सभेत, तेवढं आधी विचारून घ्या.