मीटर डाउन, पॅरिस!

लुई व्हिताँ या पॅरिसच्या घराण्याने २०२६च्या उन्हाळी पुरुष संग्रहात ऑटोरिक्षाच्या आकाराची हँडबॅग काढली. चाकं आहेत, हँडल आहे, वर घराण्याची सुप्रसिद्ध नक्षी. बातम्यांत किंमत आली सुमारे ३५ लाख रुपये. एवढ्या पैशात अंधेरी स्टेशनबाहेर दहा खऱ्या रिक्षा उभ्या करता येतात आणि दहाही जणांकडून 'नाही जाणार' ऐकता येतं.

कारागिरीचे धडे फ्रेंचांनी आम्हाला देऊ नयेत. घाटकोपरच्या रिक्षात बसून पाहा. सीटचं फाटलेलं रेक्झिन जाड दोऱ्याने असं टाचलेलं असतं की दोन पावसाळे हूं की चूं करत नाही. मागे हिरॉइनचं चित्र, पुढे लिंबू-मिरची, कानाशी नव्वदीतली विरहगीतं. रोमँटिक रोमँटिक म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

किमान भाडं २६ रुपये धरलं, तर त्या बॅगेच्या पैशात सव्वा लाखाहून जास्त फेऱ्या होतात. म्हणजे एका मुलुंडकराच्या सहा-सात पिढ्यांची स्टेशनापर्यंतची ये-जा!

बरं, खऱ्या रिक्षाला वांद्रे-सायनच्या दक्षिणेला मज्जाव. ही हातातली मात्र थेट कुलाब्याच्या पार्टीत शिरणार. ना परमिट, ना बॅज, ना हवालदाराची शिट्टी.

आणि ३५ लाख हा आकडा मीटरवर पडलेला नाही, हे बोरिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगितलेलं भाडं आहे ते.