शकुंतलेला दहा बाय बारा पुरे

यवतमाळात निवृत्त माणसाच्या घरी एक जास्तीची खोली असते. ती रिकामी असते असं फक्त तिच्यात न डोकावणाऱ्यांनाच वाटतं. आठ महिने तिथे कूलर मुक्कामाला असतो. त्याच्या डोक्यावर पाहुण्यांच्या गाद्या, पायाशी तुरीचं पोतं, आणि खिडकीत मुलाच्या अभियांत्रिकीची पुस्तकं, जी तो पुण्याला जाताना ‘टाकू नका’ म्हणून ठेवून गेला आणि परत मागितली नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल घेऊन घरी आलेल्या माणसाला या खोलीत छोटी आगगाडी मांडावीशी वाटली, तर त्यात काळजीचं कारण नाही. भजनी मंडळ आणि गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद यांच्या तुलनेत हा नाद शेजाऱ्यांना कमी त्रासाचा आहे. काळजी पुढच्या पायरीला सुरू होते, कारण हा माणूस लगेच राजधानी एक्स्प्रेसची स्वप्नं पाहू लागतो. माझं म्हणणं असं की दहा बाय बाराच्या खोलीत खऱ्या अर्थाने मावेल अशी गाडी एकच आहे, आणि ती आपल्याच गावची आहे. तिचं नाव शकुंतला.

आधी रूळच मोजू. छोट्या आगगाड्यांच्या जगात सर्वांत जास्त चालणारं माप एकास सत्त्याऐंशीचं, म्हणजे अस्सल वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची प्रतिकृती. त्यासाठी बाजारात तयार मिळणारे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर रुळांवरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याला सत्त्याऐंशीने भागलं की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आपली राजधानी या तयार रुळांवर चढवली की ती पावणेतीन मिलिमीटर खोटी होते. अंगाने भारदस्त आणि पायांनी किडकिडीत, लग्नातल्या बँडमधल्या ढोलवाल्यासारखी. शकुंतलेचा रूळ अडीच फुटांचा, म्हणजे 762 मिलिमीटरचा. भागाकार येतो 8.76, आणि एकास सत्त्याऐंशीहून लहान मापाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. इतका प्रामाणिकपणा पेन्शनच्या फायलीतही आढळत नाही.

आता जागा. भिंतींना लागून फळी मारली आणि कोपरे गोलावले, तर या खोलीत रुळांचा एक वेढा साधारण बारा मीटरचा होतो. सत्त्याऐंशीने गुणलं की खऱ्या जगातला जेमतेम एक किलोमीटर. यात वीस डब्यांची राजधानी उभी केली तर तीच जवळजवळ सहा मीटर भरते, म्हणजे अर्धी वाट गाडीनेच व्यापली. ताशी 130 किलोमीटरच्या हिशेबाने सोडली तर अर्ध्या मिनिटात फेरी पुरी. इंजिन आपल्याच शेवटच्या डब्याचा पाठलाग करतं आहे, आणि मधे स्टुलावर बसलेल्या गृहस्थाला स्पाँडिलायटिस. शकुंतलेचे डबे मोजके. गाडी हातभर, फार तर दीड हात. वेग ताशी वीस किलोमीटर धरला तर त्याच फेरीला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात पानाला चुना लावून होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. प्रतिकृतीत रूळ लहान होतो, डबा लहान होतो, स्टेशनमास्तर दोन सेंटिमीटरचा होतो. वेळ मात्र लहान होत नाही. शकुंतलेची वाट यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, म्हणजे आपल्या खोलीत सुमारे तेराशे मीटर, म्हणजे शंभरावर आठ फेऱ्या. तीन-सव्वातीन मिनिटांची एक फेरी धरली तर एकूण साडेपाच तासांहून जास्त. खऱ्या गाडीलाही त्या वेगाने तेवढेच लागले असते. जगातले सगळे छंदिष्ट जागेच्या नावाने रडतात, आणि निवृत्त माणसाजवळ ज्या एका गोष्टीचा साठा आहे ती त्यांच्या हिशेबातच नसते. त्याच्या खोलीत अंतर नाही, पण वेळेची गोदामं भरलेली आहेत. राजधानी हा वेळ वाचवते. वाचवलेला वेळ घेऊन तो जाणार कुठे?

‘पण चाकोरीत एक गाडी किती दिवस पाहायची?’ असं कोणी म्हणेल. याला शकुंतलेचा इतिहासच उत्तर देतो. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाईन वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत न्यायला टाकली. तिथून तो मुंबईला आणि पुढे विलायतेच्या गिरण्यांना. 1951 साली रेल्वेचं राष्ट्रीयीकरण होताना सरकारने हिला ओळखलंच नाही, आणि मालकी कंपनीकडेच राहिली. दुष्यंताची परंपरा दिल्लीपर्यंत पोचली म्हणायची. गाडी मात्र सरकारी रेल्वेच चालवत आली. मालक एक आणि चालवणारा दुसरा, हा करार घरातल्या खोलीलाही जसाच्या तसा लागू पडतो, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं आणि मग डिझेल आलं. म्हणजे त्या इंजिनाला निवृत्तीचं वय अठ्ठावन्न नव्हतं, सत्तरीपार होतं. शिवाय या लाईनवर तिकीट देणं, सांधे फिरवणं, इंजिन सोडणं-जोडणं ही कामं त्याच मोजक्या माणसांनी करायची रीत होती. खोलीत ती सगळी माणसं आपणच. जन्मभर ‘हे माझ्या टेबलाचं काम नाही’ म्हटलेल्या माणसाला ही शिक्षा म्हणा की प्रायश्चित्त.

सामानाची ओरडही यवतमाळात खपत नाही. युरोपातले हौशी लोक माती, झाडं, दगड पुड्यांतून विकत घेतात. आपल्याकडे काळी माती चहाच्या गाळणीतून गाळली की शेत तयार, रंग द्यायची गरज नाही. वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्या म्हणजे पानगळीतला सागवान. मालगाडीत भरायचा कापूस उशीतून मिळतो, आणि तो अस्सल असतो. सरकीचा एक दाणा सत्त्याऐंशी पट केला की पाऊण मीटरची शिळा, आणि तीळ म्हणजे चांगलं पोसलेलं टरबूज. रुळांखालच्या खडीला मापाने बारीक रवा शोभतो, पण तो वापरू नये, मुंग्या एका रात्रीत दारव्ह्यापर्यंतची खडी उचलतात.

हवामानाचा आक्षेप खरा आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, रूळ लांबतात, आणि उपाय म्हणून कूलर लावावा तर ओलीने फळी फुगते. त्याला इलाज साधा: रुळांच्या जोडात कागदाच्या जाडीची फट सोडावी आणि उन्हाळी वेळापत्रक सकाळी सातच्या आत आटपावं. वीज गेली तर? राजधानी मधेच थांबली की पाहुणे हसतात. शकुंतला लाडखेड स्टेशनाच्या अलीकडे अर्धा तास उभी राहिली तर वऱ्हाडातल्या एकाही माणसाला त्यात वावगं दिसणार नाही.

राहिला पोरखेळाचा मुद्दा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं आणि तिथे तिकीट काढून प्रौढ माणसं जातात. हॅम्बुर्गला दोन जुळ्या भावांनी 2001 पासून मांडलेल्या पसाऱ्यात रूळच पंधरा किलोमीटरांच्या वर आहेत. पण ती उदाहरणं घरात सांगू नयेत, लोक लगेच दुसऱ्या खोलीकडे पाहू लागतात. ‘आता ब्रॉडगेज येतोय, जुनं कशाला?’ हा सवाल जास्त वजनाचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला, आणि तो पुढे यावा असं मलाही वाटतं. पण अडीच फुटी गाडी गेली काही वर्षं बंद पडलेली आहे, आणि ती पुन्हा धावायची तर सरकारी निविदेपेक्षा स्टुलावरचा म्हातारा लवकर काम उरकेल याबद्दल मला शंका नाही.

एक अडचण मात्र मी नाकारत नाही. एक किलोमीटरच्या वेढ्यात स्टेशन एकच बसतं. तेव्हा पाट्या चार रंगवाव्यात: यवतमाळ, दारव्हा मोतीबाग, कारंजा, मूर्तिजापूर. फेऱ्या मोजत राहायचं आणि वेळ आली की उठून पाटी बदलायची. गुडघे कुरकुरतात, दरवाज्यावरचा काढता-घालता पूल उचलून चहा आत घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात मोजणी चुकते. मग कारंजा गेलं की यायचंय यावर प्रवाशांत, म्हणजे स्वतःशीच, वाद होतो.