पास झालेल्या गोळ्या

इंदूरच्या बारा डॉक्टरांना मध्य प्रदेश सरकारने २०१२ च्या सुरुवातीला अशी काही अद्दल घडवली की विचारू नका. माणसांवर चालवलेल्या औषधचाचण्यांची माहिती दिली नाही, म्हणून प्रत्येकी ५,००० रुपये दंड. पाच हजार! बिचाऱ्यांना त्या संध्याकाळी क्लिनिक अर्धा तास जास्त उघडं ठेवावं लागलं असेल.

प्रकरण शहरभर पसरलेलं होतं, पण सगळ्यात जास्त गाजलं ते ‘एमवाय’. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाच्या या सरकारी रुग्णालयाला आमच्या बऱ्हाणपूर पट्ट्यात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. धूलकोटच्या पाड्यांवर दुखणं वाढलं की वाट ठरलेली असते. आधी गावातला ‘डॉक्टरसाब’ (पदवी विचारू नये), मग बऱ्हाणपूर नाहीतर खंडवा, आणि तिथे हात टेकले की एमवाय. कडेवर पोर, पिशवीत चुरगळलेली चिठ्ठी, घरात बारेली बोलणारी आई आणि हिंदी जेमतेम येणारा बाप. असं बिऱ्हाड तिथल्या व्हरांड्यात बसलं की समोरचा पांढरा कोट सांगेल तिथे अंगठा उठवतं. बाहेरून आणलेलं महागडं औषध फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

बीबीसीने २०१२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार एमवायमध्ये सात वर्षांत ७३ चाचण्या झाल्या. ३,३०० रुग्णांवर, आणि त्यातली १,८३३ मुलं. डॉ. आनंद राय यांनी याविरुद्ध तोंड उघडलं. तक्रार केल्यावर आपल्याला कामावरून काढलं, असं त्यांचं म्हणणं. इंदूरचाच स्वास्थ्य अधिकार मंच सुप्रीम कोर्टात गेला, आणि तिथे केंद्र सरकारने देशाचा हिशेब मांडला. २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या ४७५ चाचण्या, त्यांत २,६४४ मृत्यू, पैकी चाचणीमुळे ८०. आता चाचणीत येणारे बरेच जण मुळातच गंभीर आजारी असतात, हे मान्य. सगळे मृत्यू औषधाच्या माथी मारता येत नाहीत. पण दगावलेला माणूस आजाराने गेला की औषधाने, याचा पहिला निवाडा कंपनीकडून मानधन घेणारा डॉक्टरच करत होता. एवढा निःस्वार्थी निवाडा दुसरीकडे कुठे मिळायचा?

मग कोर्टाने कान उपटले, नियम आले. नुकसानभरपाईचं सूत्र आलं. संमती घेताना व्हिडिओ चित्रीकरण करा, असंही आलं. म्हणजे ‘यादृच्छिक’ असले शब्द असलेला कागद कुणीतरी वाचून दाखवतो, माणूस मान हलवतो, आणि मान हलल्याचा पुरावा कायमचा जपला जातो. छान झालं. मला फक्त एक गोष्ट कळत नाही. अंगठा उठताना कॅमेरा असतो, तर निकाल लागताना तो कुठे जातो? त्या ७३ चाचण्यांचा गदारोळ झाला तो संमतीवर, पैशावर, मृत्यूंवर, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यांतून काय निष्पन्न झालं, औषध लागू पडलं की नाही, ते छापून आलं की नाही, हे फारसं कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न कंपन्यांना फार आवडत नाही. चाचणीचा करार होतो तेव्हा त्यात गोपनीयतेचं कलम असतं. रक्त रुग्णाचं, राबणूक डॉक्टरची, इमारत सरकारची, आणि आकडेवारी कंपनीची. ती छापायची का, कधी, कुठल्या शब्दांत, हे आधी कंपनीच्या नजरेखालून जातं. चांगली निघाली तर परिषदेत टाळ्या. वाईट निघाली तर कपाट.

मराठी शाळांना हा खेळ नवा नाही. नववीतला कच्चा पोरगा हेरायचा, बापाला बोलावून ‘याला बाहेरून बसवा’ म्हणून १७ नंबरचा फॉर्म हातात द्यायचा, आणि जूनमध्ये फाटकावर फलक लावायचा: दहावीचा निकाल १०० टक्के. फलक खोटा नसतोच. औषधांच्या जगातल्या १७ नंबरवाल्यांची मोजदाद एरिक टर्नर या अमेरिकन डॉक्टरने केली आणि २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापली. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या होत्या. त्यातल्या ३८ मध्ये औषध पास. पैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मध्ये नापास किंवा काठावर. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ३ प्रामाणिकपणे छापल्या, आणि ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला त्या पास वाटाव्यात. डॉक्टरने नियतकालिकं चाळली तर त्याला १०० पैकी ९४ चाचण्या यशस्वी दिसणार. खरा आकडा ५१.

त्या ११ ची कलाकारी बघायची असेल तर ‘स्टडी ३२९’ बघा. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटिन. निबंध २००१ मध्ये आला, वर २२ लेखकांची नावं. मसुदा मात्र औषध कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनिकेचा. आधी ठरवलेल्या एकाही निकषावर औषध साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलेलं नव्हतं, म्हणून नवे निकष शोधण्यात आले. गणितात नापास, पण चित्रकला पाहता पोरगा हुशार! औषध काम करत नाही असं लिहिणं धंद्याच्या दृष्टीने परवडणार नाही, अशा अर्थाची कंपनीची अंतर्गत चिठ्ठी १९९८ सालची आहे. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी नव्याने तपासून ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली: औषध निरुपयोगी, आणि मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढवणारं. मधली १४ वर्षं कंपनीच्या एमआरच्या (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या) बॅगेत कुठला कागद होता, ते सांगायला नको.

आपल्याकडे एवढेही कष्ट कुणी घेत नाही. मे २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या औषध नियंत्रकांच्या कारभारावर ५९ वा अहवाल ठेवला. भारतात चाचणी न होताच मंजूर झालेल्या औषधांची यादी त्यात आहेच, पण मला आवडलेला भाग तज्ज्ञांच्या शिफारसपत्रांचा. वेगवेगळ्या शहरांतले मोठमोठे प्राध्यापक, आणि पत्रं शब्दन् शब्द सारखी. ही पत्रं कंपन्यांच्या अदृश्य हातांनी लिहिली असावीत, असा निष्कर्ष समितीने काढला. परीक्षेत कॉपी करणारं पोरगंसुद्धा मधला एखादा शब्द बदलतं हो.

आता पुण्याकडे येऊ. ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी तिथे गेला आणि नायडू रुग्णालयासमोर रांग लागली. तोंडाला रुमाल, शाळा बंद, मास्कचा काळाबाजार, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: टॅमिफ्लू. सरकारनेच साठा केला, सरकारनेच वाटला. डॉक्टर मंडळींचा त्यावर विश्वास होता, कारण छापील पुरावा होता. फ्लूनंतरची गुंतागुंत आणि रुग्णालयात भरती व्हायची पाळी या औषधाने कमी होते, असा २००३ चा एक निबंध सांगत होता. दहा चाचण्यांची बेरीज केलेला.

२००९ मध्येच केइजी हायाशी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. या दहांपैकी आठ चाचण्या पूर्ण छापल्याच गेलेल्या नाहीत, मग तुम्ही बेरीज तपासली कशी? प्रश्न औषधांच्या पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या टॉम जेफरसन यांच्या मंडळींना झोंबला. त्यांनी टॅमिफ्लू बनवणाऱ्या रोश कंपनीकडे मूळ अहवाल मागितले. त्यापुढची चार वर्षं पत्रापत्रीत गेली. ‘देतो’ म्हणायचं आणि द्यायचं नाही, ही कला केवळ आपल्या तहसील कचेरीतच फुललेली नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो. अखेर २०१३ मध्ये पूर्ण अहवाल हाती आले, लाखावर पानं उपसली गेली, आणि एप्रिल २०१४ मध्ये निष्कर्ष आला. मोठ्या माणसांत लक्षणं सातऐवजी सव्वासहा दिवसांत ओसरतात. फरक साधारण १७ तासांचा. रुग्णालयात भरती व्हायचं टळतं, याला भक्कम पुरावा नाही. तोवर एकट्या ब्रिटनने या गोळीच्या साठ्यावर ४० कोटी पौंडांच्या वर खर्च केला होता. गोळी कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. बाधित रुग्णाला ती वेळेवर द्यावी असं म्हणणारे जाणते डॉक्टर आजही आहेत, आणि त्यांचा वाद जेफरसन यांच्याशी अजून चालू आहे. पण वाद घालायला पानं लागतात. ती चार वर्षं मिळाली नाहीत.

हे झालं कंपनीने स्वतःचे निकाल दाबण्याचं. दुसऱ्याचा निबंध नकोसा झाला तर काय करायचं, याचा देशी नमुना २०२४ चा आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी कोव्हॅक्सिनच्या दीर्घकालीन परिणामांवर निबंध छापला. अभ्यास लंगडा होता: फोनवरून विचारपूस, आणि लस न घेतलेल्यांचा तुलनेला गटच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आक्षेप घेतला, तो रास्तच होता. पण लंगड्या अभ्यासाला उत्तर म्हणजे धडधाकट अभ्यास. लस बनवणाऱ्या भारत बायोटेकने संशोधकांवर अब्रूनुकसानीचा दावा ठोकला, आणि नियतकालिकाने निबंध मागे घेतला. याच लशीला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा एकही आकडा जाहीर झालेला नव्हता, आणि त्या टप्प्यासाठी आपल्याला ७५० रुपये देऊन ‘लस’ म्हणून टोचलं, असं भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतले लोक सांगत होते. चाचणी घेणाऱ्या रुग्णालयाने इन्कार केला. त्या वेळी घाई चालली. निबंधाच्या बाबतीत मात्र शास्त्रीय काटेकोरपणाची सगळ्यांना अचानक आठवण झाली.

उपाय नाहीत असं नाही. १५ जून २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद सक्तीची आहे. म्हणजे हजेरीपट सरकारकडे आहे. पण २०१९ च्या नव्या नियमांतही, चाचणी संपल्यावर अमुक महिन्यांत निकाल लोकांपुढे ठेवा नाहीतर बघून घेऊ, असं दटावणारं कलम नाही. २०१७ मध्ये आयसीएमआरने जागतिक आरोग्य संघटनेच्या एका निवेदनावर सही केली, की आपल्या पैशाने झालेल्या चाचण्यांचे निकाल वर्षभरात जाहीर करू. सरकारी पैशाच्या. कंपन्यांना सहीचा आग्रह करण्याइतका उद्धटपणा दिल्लीत अजून आलेला नाही. अमेरिकेत निकाल दडवल्यास दिवसाला १०,००० डॉलरच्या वर दंडाची सोय कायद्यात आहे. तो वसूल करण्याचा मोह त्यांनीही बराच आवरलेला दिसतो.

तोवर एक स्वस्त प्रयोग बऱ्हाणपुरातला कुठलाही डॉक्टर करू शकतो. दुपारच्या गर्दीत एमआर आत येईल, टाय नीट करील, गुळगुळीत कागदावरचा निबंध टेबलावर ठेवील आणि बोट ठेवून आलेख दाखवील. त्याला एवढंच म्हणायचं, ‘‘ही पास झालेली पोरं बघितली. १७ नंबरवाली कुठे आहेत?’’

‘‘पुढच्या व्हिजिटला आणतो सर.’’

पुढच्या व्हिजिटला तो येईल. नव्या बाटलीचं सॅम्पल घेऊन.