अमेरिकेचं सरकार : निलंग्यात बसून शिका

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. पोरगा डलासहून व्हिडिओ कॉलवर ‘बिल सेनेटमध्ये अडकलंय’ म्हणाला की ‘हो का’ म्हणून जेवलास का विचारणाऱ्या आईबापांसाठी. साहित्य फारसं लागत नाही. निलंगा तालुका पुरेसा आहे. सोबत एक प्लेट निलंगा राईस घ्यावा. त्याचा विषयाशी संबंध नाही, पण सेनेट समजायला वेळ लागतो.

पायरी पहिली, संघराज्य. 1940 साली निलंग्यात जन्मलेला एक म्हातारा मनात आणा. जन्म निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि तो भारतात आला. 1956 मध्ये निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदरमधून काढून मुंबई राज्याला जोडले, आणि तो उस्मानाबाद जिल्ह्याचा झाला. 1960 मध्ये महाराष्ट्राचा. ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, तेव्हा लातूरचा. या सगळ्या काळात त्यानं घराची चौकटसुद्धा बदलली नाही.

टेक्सासच्या म्हाताऱ्याच्या वाट्याला ही गंमत येत नाही. तिथल्या घटनेच्या चौथ्या कलमानुसार राज्याच्या विधिमंडळाची संमती असल्याशिवाय त्या राज्याचा तुकडा दुसरीकडे जोडता येत नाही. कारण साधं आहे : तिथं आधी 13 राज्यं होती, त्यांनी मिळून केंद्र केलं. आपल्याकडे राज्याचं मत मागवलं जातं. ते मानलंच पाहिजे असं बंधन संसदेवर नाही. तेव्हा पोरगा ‘इथं स्टेटला फार पॉवर आहे’ म्हणाला, तर त्याला बीदरची गोष्ट सांगा.

पायरी दुसरी, राष्ट्राध्यक्ष. ही समजायला कासारसिरसी, औराद शहाजानी, कोणतंही गाव चालेल. पूर्वी सदस्य निवडून यायचे आणि ते सरपंच निवडायचे. म्हणजे दिल्लीसारखं : बहुमत ज्याचं, खुर्ची त्याची. मग सदस्यांना सहलीला नेणं, फोन बंद ठेवणं हे संसदीय लोकशाहीचे सगळे संस्कार गावात रुजले. 2017 मध्ये सरकारनं कायदा बदलला : सरपंच थेट लोकांतून. हा आपला वॉशिंग्टन. 2020 मध्ये दुसऱ्या सरकारनं ते रद्द केलं, 2022 मध्ये तिसऱ्यानं पुन्हा आणलं. अमेरिकेला जी पद्धत 1787 पासून पुरली, ती आपण पाच वर्षांत लावून, काढून, परत लावून पाहिली. प्रयोगशीलतेत आपण मागे नाही.

आता खरा धडा. सरपंच एका पॅनेलचा निवडून येतो आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं. दोघंही म्हणतात, ‘आमाला लोकांनीच निवडलंय.’ दोघांचंही खरं असतं. मासिक सभेत सरपंच विषय मांडतो, सदस्य हात वर करत नाहीत, आणि गटारीचा ठराव तसाच राहतो. ग्रामसेवक दोन्ही बाजूंचं ऐकून इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहितो. अमेरिकेत याच प्रकारानं डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 असे 35 दिवस अनेक सरकारी कार्यालयं बंद राहिली, कारण अध्यक्षांना सीमेवरच्या भिंतीसाठी पैसे हवे होते आणि काँग्रेस ते देईना. (ही काँग्रेस म्हणजे तिथली संसद. निलंग्यात हे स्पष्ट करणं आवश्यक आहे.) ज्यांनी घटना लिहिली त्यांना हे अडणं ठाऊक होतं. राजाला हाकलून आलेली माणसं. कुणा एकाला सगळं पटापट करता येऊ नये, हाच त्यांचा बेत होता. गटारीचं त्यांनी काही म्हटलेलं नाही.

अध्यक्षाला हटवणंही अवघड. काँग्रेसचं एक सभागृह, प्रतिनिधिगृह, महाभियोग लावतं, दुसरं, म्हणजे सेनेट, खटला चालवतं, आणि दोन तृतीयांश मतं लागतात. ट्रम्प यांच्यावर दोनदा लागला, दोन्ही वेळा ते सुटले. थेट सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला तरी तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. म्हणजे ज्यांनी निवडलं त्यांनाच पुन्हा विचारायचं. ही सोय अमेरिकेत नाही.

पायरी तिसरी, उपराष्ट्राध्यक्ष. उपसरपंच पाहा. पुढे चला.

पायरी चौथी, न्यायालय. यासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. जून 1985 मध्ये निलंग्याचे डॉ. शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, नांदेडचे. म्हणजे खुर्ची मराठवाड्यातच राहिली, एवढंच समाधान. आता अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन. 24 जुलै 1974 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना त्यांच्या संभाषणांच्या टेप द्यायला सांगितल्या आणि 9 ऑगस्टला त्यांनीही खुर्ची सोडली. न्यायालयाकडे पोलीस नाहीत, तिजोरी नाही, मतं नाहीत. दोन्हीकडे त्यानं कोणालाही खुर्चीवरून उठवलं नाही. फक्त कागदावर लिहिलं. विद्यार्थ्यांनी हा भाग दोनदा वाचावा, आमदारांनी तीनदा.

पायरी पाचवी, सत्तेचा समतोल. अमेरिकेत बाप-लेक अध्यक्ष झालेले आहेत : दोन ॲडम्स, दोन बुश. पण ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले नाहीत. तिथं लोकशाही अजून तेवढी मुरलेली नाही. निलंग्यात 2004 च्या विधानसभेला नातू संभाजीराव यांनी भाजपकडून आजोबांना, म्हणजे वर सांगितलेल्या माजी मुख्यमंत्र्यांनाच हरवलं. त्याच वर्षी त्यांच्या आई रूपाताईंनी लातूर लोकसभेत शिवराज पाटील चाकूरकरांना पाडलं. 2009 ला आजोबांनी नातवाला हरवलं. 2014 ला काका-पुतणे समोरासमोर आले आणि पुतण्या जिंकला. एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर अंकुश ठेवावा हे तत्त्व याहून नेमकं कुठल्या पुस्तकात सापडणार? निलंगेकर हरले तरी जागा निलंगेकरांचीच, हे मात्र पुस्तकात नाही.

अमेरिकेत मतं जास्त मिळवूनही हरता येतं, हेही लक्षात ठेवा. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून अधिक मतं जास्त होती. पण अध्यक्ष ठरवतात 538 इलेक्टर, आणि 270 ज्याच्याकडे तो जिंकला. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष कसा होतो ते जवळून पाहिलेल्या माणसाला हे पहिल्या वाचनात कळतं.

शेवटची पायरी प्रात्यक्षिकाची : कोरम. सेनेटमध्ये 100 पैकी 51 जण लागतात. पण कुणी शंका काढेपर्यंत ते हजर आहेत असंच धरलं जातं, त्यामुळे रिकाम्या सभागृहात एकटाच सेनेटर तासभर बोलत असतो. तुम्ही येत्या ग्रामसभेला जा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे नसतील, सभा तहकूब होईल. तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून बरेच जण थेट त्याच सभेला येतात. तिथं उठून ‘गटारीचं काय झालं?’ असं विचारा. ‘ते आमच्याकडं येत नाही, वर विचारा’ असं उत्तर मिळालं, तर वहीत सत्ताविभाजनासमोर बरोबरची खूण करा आणि पंचायत समितीला जायच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.