आठवडा कोणाचा?

पुण्यात वाढलेल्या माणसाला जगात कुठेही शिस्तीचा धाक वाटत नाही. 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' हे वाचत वाचतच आम्ही दोघं अक्षरओळख शिकलो. त्यामुळे स्टुटगार्टला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांनी घातलेली एकही भीती लागू पडली नाही. आत्याने थंडीची घातली, मावशीने भाषेची घातली, सासूबाईंनी 'तिथे शाकाहारी म्हणून सुद्धा काय काय घालतात' याची घातली. जिन्याची मात्र कोणीच घातली नाही.

गाव आम्ही निवडलं नव्हतं, नवऱ्याच्या कंपनीने निवडलं होतं. चाकणला ज्या चांदणीवाल्या गाड्या जुळवतात त्यांचं मूळ गाव हे, आणि त्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांचंही हेच. चाकण ते स्टुटगार्ट ही इंजिनिअरांची वहिवाट आता इतकी रुळलेली आहे की विमानात शेजारच्या सीटवर हमखास कोथरूडचा माणूस निघतो. असं असून स्टुटगार्टने 1968 साली भगिनी-शहर म्हणून मानलं ते मुंबईला. हे नवऱ्याला कळलं त्या दिवसापासून खुपतं आहे. माणसं पुण्याने पुरवायची आणि बहीण मात्र मुंबई!

घर मिळालं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. आपल्याकडे जाहिरातीत 'स्वतंत्र स्वयंपाकघर' असं कौतुकाने लिहितात. इथलं स्वयंपाकघर इतकं स्वतंत्र होतं की ते आधीच्या भाडेकरूबरोबर निघून गेलं होतं. उरली होती एक भिंत, तिच्यातून बाहेर आलेले दोन नळ आणि एक मोठा प्लग. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. दिवेही नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. 'माणसं जाताना सगळं घेऊन जातात का?' मी एजंटला विचारलं. 'विकत घेतलेलं असतं ना,' तो शांतपणे म्हणाला. ते आठ-दहा दिवस मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले आणि प्रवासात आणलेल्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये जमिनीवर बसून खिचडी केली. 'तुझं अगदी गडकिल्ल्यांवरच्या मुक्कामासारखं चाललंय,' असं नवरा म्हणाला. खिचडी गरम होती म्हणून तो वाचला.

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करायची. ती झाली नाही तर पगाराचा कर कसा कापायचा तेच सरकारला कळत नाही. त्या अर्जात धर्म विचारतात, आणि तोही चौकशीसाठी नव्हे, वसुलीसाठी. ठरावीक चर्चचे जे सभासद असतात त्यांच्या पगारातून सरकारच चर्चचा कर कापून घेतं. या राज्यात तो प्राप्तिकराच्या 8 टक्के आहे. नवरा एरवी गणपतीचे दहा दिवस आस्तिक असतो, बाकी वर्षभर तटस्थ. आपल्या देवांना हा कर लागत नाही हे कळल्यावर त्याची श्रद्धा त्या एका दुपारी जी बळावली ती मग दिवाळीपर्यंत टिकली.

मग घरमालकाकडून इमारतीची नियमावली आली. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, हे समजण्यासारखं होतं. दुपारी एक ते तीन शांतता, हे वाचून मात्र नवऱ्याचा गळा भरून आला. 'आपल्याला इतकी वर्षं लोक नावं ठेवतात,' तो म्हणाला, 'आणि युरोपात हे लिहून देतात!' रविवारी तर दिवसभर शांतता. त्या दिवशी दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकणंसुद्धा बंद, कारण खळ्ळकन आवाज होतो. रविवारची विश्रांती इथे साधा रिवाज नाही, ती घटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं ते कलम 1949 च्या घटनेने जसंच्या तसं उचललं. म्हणजे रविवारी भिंतीला खिळा ठोकणं हा जवळजवळ घटनाद्रोहच. पहिल्या रविवारी आम्ही कुजबुजत भांडलो. भांडण अशाने फार लवकर संपतं.

हे सगळं आमच्या आवाक्यातलं होतं. नियमावलीच्या शेवटच्या पानावर मात्र एक तक्ता होता. त्यात आठवडे होते, आडनावं होती, आणि वर शीर्षक होतं: केरवोख.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. तिच्यावर तोच शब्द, आणि खाली एक हसरी बाई झाडू घेऊन उभी. याचा अर्थ असा, की हा आठवडा तुमचा. आपल्या मजल्याचा जिना आणि त्यापुढची चौकट झाडायची, पुसायची, कठडा पुसायचा, खिडकीची कड पुसायची आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या मुठीला अडकवायची. ही झाली लहान केरवोख. मोठी केरवोख आली की तळघर, अंगण, कचऱ्याचे डबे ठेवायची जागा आणि घरासमोरचा फुटपाथ. हिवाळ्यात त्याच फुटपाथवरचा बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत काढायचा. कारण पाय घसरून कोणी पडलं तर प्रकरण थेट आपल्याकडे येतं.

या प्रथेला इतिहासही आहे, आणि इतिहास असला की माणूस हात टेकतो. कोलंबस जहाजात बसला त्या 1492 साली स्टुटगार्टच्या नगरनियमांत 'आपापली घाण आपण दर आठवड्याला बाहेर न्या' असं बजावलेलं आहे. 1714 मध्ये ड्यूक एबरहार्ड लुडविगने गल्ल्या झाडण्याचा वेगळा हुकूम काढला. पुढे 1988 मध्ये महापौर मानफ्रेड रोमेल यांच्या काळात नगरपालिकेने ही सक्ती उठवली. हे महापौर म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात गाजलेल्या फील्डमार्शल रोमेलचे चिरंजीव. कायदा गेला, सवय कुठली जाते! लोकांनी तीच कलमं भाडेकरारात घातली. आता सही आमचीच होती.

नवरा म्हणाला, 'मी करतो.' लग्न झाल्यापासून त्याने हातात झाडू धरलेला मी पाहिला नव्हता, पण जर्मन तक्त्यात नाव छापून आलं की इंजिनिअर माणसाला ते प्रोजेक्ट वाटतं. त्याने वरून खाली की खालून वर, कोरडा की ओला, यावर विचार केला. शनिवारी सकाळी बादली घेऊन तो बाहेर पडला आणि नेमका त्याच वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

'कुठे आहे गं तो?'

'बाहेर आहे, आई.'

'बाहेर म्हणजे? दाखव की.'

मी फोन दाराबाहेर धरला. पडद्यावर सासूबाईंचा चेहरा हळूहळू मोठा होत गेला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, 'अगं, हा जिना पुसतोय?'

'त्यांचा नियमच आहे, आई. आठवड्याची पाळी असते.'

'ए, तुला तिकडे इंजिनिअर म्हणून नेलंय ना रे?' हा प्रश्न थेट त्याला होता. तो पाठमोराच म्हणाला, 'आई, इथे सगळे करतात. खालच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, तेही करतात.' त्यावर सासूबाई थोड्या निवळल्या. डॉक्टर जिना पुसतो म्हटल्यावर कामाला एक दर्जा आला. तरी फोन ठेवताना म्हणाल्याच, 'इथे असताना साधं स्वतःचं ताट उचललं नाहीस कधी!' यात तक्रार माझ्याबद्दल होती की जर्मनीबद्दल, ते मला अजून नीट लागलेलं नाही.

तळमजल्यावर एक बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, केस अगदी आखून कापलेले. कोणाचा आठवडा कसा झाला हे त्या मुळीच तपासत नाहीत. त्यांना फक्त शनिवारी दुपारी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून परत खाली जावंसं वाटतं. व्यायाम म्हणून. चढताना त्यांचं एक बोट कठड्याच्या खालच्या बाजूने सरकत येतं, वरच्या नव्हे. वरची बाजू सगळेच पुसतात.

पुढच्या खेपेला नवऱ्याची मीटिंग होती म्हणून मी उतरले. दांडीला लावलेल्या त्या पोछ्यावर माझा विश्वास नाही, त्याने कोपरे राहतात. मी आपलं फडकं घेतलं, पिळलं आणि उकिडवी बसून पायरी पायरी उतरत आले. पायऱ्यांच्या सांध्यात जुनी काळी रेघ होती ती काडीला चिंधी गुंडाळून काढली. खाली पोचले तर बाई दारात उभ्या. त्यांनी माझ्या फडक्याकडे पाहिलं, सांध्यांकडे पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, 'बोलल्या नाहीत? मग पसंत आहे.' इकडच्या श्वाबियन लोकांत म्हणच आहे, की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. मला एकदम सदाशिव पेठेतल्या माझ्या सगळ्या आत्या समोर दिसायला लागल्या. नवं काही शिकायचं नव्हतं, नुसती माणसं ओळखायची होती.

त्या धीरावर मी बाईंना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं. इथे क्वार्क नावाचा चक्क्याचा सख्खा भाऊ डब्यात तयार मिळतो, टांगत ठेवायची कटकट नाही. मी त्यात साखर आणि वेलची घातली. केशर मी काटकसरीने घातलं, कारण गाव काटकसरीचं आहे. रिकामी वाटी परत देऊ नये हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी दाराशी वाटी होती, घासून लख्ख, आणि शेजारी घरच्या लाल आंबटगोड बेरींच्या जामची बरणी. बरणीला चिठ्ठी चिकटवलेली. मी कौतुकाने डिक्शनरी घेऊन बसले. मजकूर असा निघाला: 'बरणी झाकणासह परत करावी.' नवऱ्याने ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. त्याच्या मते ती केळकर संग्रहालयात लागायला हवी.

पूर्णपणे घरच्यासारखं म्हणाल तर ते फक्त रेल्वे स्टेशनवर वाटतं. जुनं स्टेशन बाजूला ठेवून जमिनीखाली नवं करायचा बेत 1994 मध्ये जाहीर झाला, काम 2010 मध्ये सुरू झालं, उद्घाटन 2019 ला व्हायचं होतं. अजून गाडीपर्यंत पोचायला पत्र्यांच्या बोळातून वळसे घेत चालावं लागतं, आणि बोळाची दिशाही मधूनच बदलते. इतर पाहुणे यावर वैतागतात. आम्ही खोदाई बघत, शेंगदाणे खात चालतो.

बाकी शहर म्हणजे एक खोलगट वाटी आहे. वर जायचं तर पायऱ्या. शहरभर चारशेच्या वर जिने आहेत, काही द्राक्षमळ्यांच्या मधून जाणारे. हे जिने केरवोखीत येत नाहीत याची मी आधी खात्री करून घेतली आणि मगच फिरायला तयार झाले.

त्या फिरण्यातच एका शनिवारी, मळ्याच्या कडेच्या घराबाहेर, दारावर मोठा झाडू उलटा टांगलेला दिसला. पाटी नव्हे, अख्खा झाडू. 'बिचाऱ्याचा आठवडा मोठा दिसतोय,' मी म्हटलं. आतून मात्र हसण्याचे आवाज येत होते, पेले वाजत होते. नवऱ्याने फोनवर वाचून काढलं. या भागातल्या द्राक्षवाल्यांना घरची वाइन घरातच विकायची मुभा आहे, वर्षाला फार तर चार महिने आणि एका वेळी चाळीस माणसांपर्यंत. बाहेर झाडू टांगला की दुकान उघडं. म्हणजे एकाच गावात झाडू दोन दारांवर लागतो, आणि कुठल्या दारावर लागला आहे ते बघून माणसाने घाबरायचं की आत शिरायचं ते ठरवायचं.

आम्ही आत शिरलो. लांब बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. जागा एकच होती, कोपऱ्यातल्या टेबलापाशी. तिथे आमच्या तळमजल्याच्या बाई, गाल लाल, समोर दांडीचा पेला. आम्हाला बघून त्यांनी सरकून जागा केली, दोन पेले मागवले, एकाचे पैसे त्यांनी दिले आणि दुसऱ्याचे नवऱ्याकडून मागून घेतले. पहिला घोट झाल्यावर त्या माझ्याकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, 'दुसऱ्या मजल्यावर नवे लोक आलेत, हॅम्बुर्गचे. सांधे पुसत नाहीत.'

'कठड्याची खालची बाजूही नाही,' मी म्हटलं.