चार मागचे, एक पुढचा

अर्धापुरात केळी पिकते, हळद पिकते आणि दर पंधरा-वीस वर्षांनी एखादा इंजिनेर पिकतो. कॉलेजातून बाहेर पडलेले इंजिनिअर वेगळे. ते आता नांदेडात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची गाडी बंद पडली की तेच ह्याला फोन लावतात. आमचा इंजिनेर फार तर आयटीआयचा टर्नर असतो, पुष्कळदा तेवढाही नसतो. हदगावात असतो, लोह्यात असतो, औसा-उदगीरकडं तर हमखास असतो. ओळखायची खूण एकच. तुम्ही बोलत असता आणि तो तुमच्या मोटरसायकलच्या इंजिनाकडं कान करून उभा असतो. घरचं कुशल विचारावं तसा विचारतो, "टॅपेट कधी बघितले होते?"

सोयीसाठी आपण त्याला आमच्याच आळीत बसवू आणि मामा म्हणू. गावही त्यांना मामाच म्हणतं.

मामांनी स्वतःची गाडी स्वतः बनवली. विकत घेणं परवडत नव्हतं असं नाही. केळीला भाव लागला त्या साली शोरूममधून गाडी उचलता आली असती. पण शोरूमची गाडी म्हणजे मामांच्या लेखी खानावळीतलं जेवण. पोट भरतं, पण कुणी काय घातलंय कळत नाही.

सुरुवात भंगारवाल्याकडं झाली. तिथं एक ओम्नी पडली होती. घरी गाडी बनवणाऱ्यांचा ओम्नीवर जीव का, ते मामांकडूनच ऐकावं. मारुती ८०० चं आणि हिचं इंजिन सारखंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण आठशेचं इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. ओम्नीचं इंजिन उभं, लांबीला, आणि शाफ्टवाटे ताकद मागच्या चाकांना. म्हणजे इंजिन, गियरपेटी, शाफ्ट, एक्सल अशी सगळी वरात ओळीनं उचलायची आणि आपल्या सांगाड्यावर मांडायची. मामा हे सांगताना जमिनीवर काडीनं आकृती काढतात. ती ओलांडून गेलेलं त्यांना खपत नाही.

सांगाडा लोखंडी चॅनलचा. पाटे आणि स्टेअरिंग एका म्हाताऱ्या काळी-पिवळी जीपचे. पुढचे दिवे बुलेटचे. बॉनेटसाठी जाड पत्रा मिळेना, तेव्हा मामींची धान्याची कोठी दुपारच्या वेळी, मामी कीर्तनाला गेल्या असताना, आडवी कापली गेली. बॉनेट आजही उघडताना कोठीच्या झाकणासारखं वाजतं, आणि त्या आवाजाला मामी स्वयंपाकघरातून दर खेपेला उत्तर देतात. ते उत्तर इथं छापता येणार नाही.

पहिल्या चाचणीला अर्धं गाव जमलं. नारळ फुटला. मामांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली. मागं म्हशीची दावण होती. दुसरा टाकला, गाडी अधिक जोरात मागं. तिसरा, चौथा टाकून बघायला जागाच उरली नव्हती. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून रिव्हर्स टाकला, तेव्हा ती सावकाश, आवाज करत पुढं सरकली. मागचा एक्सल बसवताना उलटा बसला होता. तो उलटा बसला की चाकांचं फिरणंच पालटतं, आणि चार गियर मागचे, एक पुढचा अशी गाडी तयार होते. बाहेरगावचा पाहुणा हसला. आमच्याकडचं कुणी हसलं नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला ही गियरपेटी नवी नाही.

एक्सल सरळ झाला, गाडी पुढं जाऊ लागली आणि खरी करमणूक सुरू झाली. माझं निरीक्षण असं, की जुन्या गाडीतून काढलेला भाग नव्या गाडीत आला तरी आधीच्या घरचं वळण सोडत नाही. काळी-पिवळीचे पाटे घ्या. चौदा माणसं बसल्याशिवाय ते दबतच नाहीत. एकट्या मामांना ते माणूस समजत नाहीत, खड्डा आला की वर फेकतात. ओम्नी पूर्वी शाळेची पोरं ने-आण करायची. तिचं इंजिन दर दोन फर्लांगावर थांबतं, पोरं उतरल्याची खात्री करतं आणि मगच पुढं जायला तयार होतं. मामा म्हणतात कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. असेल. पण मला ते वळणच वाटतं.

मागं केळीचे घड भरले की वेगळीच तऱ्हा. वजन सगळं मागच्या एक्सलवर, त्यामुळं पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. मामांनी त्यावर उपाय काढला. वळण आलं की चार घड उतरवायचे, वळायचं, घड परत भरायचे. शेतापासून गावापर्यंत तीन वळणं आहेत. माल बैलगाडीच्या आधी पोचतो, पण थोडाच आधी.

सुट्या भागांच्या दुकानात मामांबरोबर एकदा मी नांदेडला गेलो होतो. क्लच वायर तुटली होती. गल्ल्यावरच्या पोरानं न बघता विचारलं,

"गाडी कोणती?"

"आपली."

"आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे माझी."

"कंपनी कोणती, काका?"

"मीच."

पोरानं मान वर केली. "मॉडेल?"

"एकच हाय."

मग मामांनी त्याला गाडीची वंशावळ सांगितली. क्लच प्लेट अमकीची, पेडल तमकीचं, मधली वायर आधी पॉवर टिलरची होती. पोरानं मालकाला बोलावलं, मालकानं बापाला. वय, गोत्र, मामेकुळ अशी पत्रिका जुळवावी तशा तिघांनी सात वायरी मापून बघितल्या. आठवी, कुठल्याशा तीनचाकीची, तंतोतंत बसली. मामांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचं समाधान होतं. परतीच्या एसटीत मला म्हणाले, "कंपनीची गाडी असती तर पाच मिनिटांत मिळाली असती. मग सांगायला काय उरलं असतं?"

तिथं मला हा माणूस कळला. कंपनीची गाडी बिघडली की मालक कंपनीला शिव्या देतो, मेकॅनिकला देतो, रस्त्याला देतो. स्वतःच्या हातच्या गाडीवाल्याला तो दरवाजा बंद असतो. शिवी द्यायची तर आरशात बघून द्यावी लागते. म्हणून त्याच्या शब्दकोशात 'बिघाड' हा शब्दच नसतो. मी विचारलं, "मामा, कामून थांबली?" तर उत्तर, "थांबली नाही, थंड करायलो तिला." चाक निखळलं होतं तेव्हा म्हणाले, "बेअरिंग बदलायचंच होतं."

ब्रेकचं प्रकरण मामींच्या खात्यावर आहे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल सैल करायचा, हवा फुसकन गेली की आवळायचा. मामी आत बसतात. संध्याकाळी आळीला ऐकू येतं, "दाब! धर! सोड!" एकदा शेजारणीनं विचारलं, काय चालायलंय हो? मामी शांतपणे म्हणाल्या, "ब्रेकची हवा काढायलो. ह्यांची काढायला मी एकटी पुरते."

मामांच्या भाच्यानं पुण्याहून त्यांना इंग्लंडची गोष्ट ऐकवली होती. तिकडं लोटस कंपनीनं १९५७ साली 'सेव्हन' नावाची छोटी गाडी काढली आणि ती खोक्यात सुट्या भागांतही विकली. तयार मोटारीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर तसा लागायचा नाही, म्हणून लोक खोकी घरी नेऊन शनिवार-रविवारी गाडी जोडत. सोबत जोडणीची माहिती देणं नियमात बसत नव्हतं. मग कंपनीनं गाडी सुटी कशी करावी याचा कागद दिला आणि गिऱ्हाइकानं तो शेवटापासून वाचायचा, असं सांगतात. मामांना हे फार पटलं. "म्हणजे आपलंच की. खोल आधी, मंग बघू." पुढं तिकडं कर बदलला, १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क कॅटरहॅमकडं गेले, ती आजही बनते, वगैरे भाचा सांगत होता. पण मामा तोवर कोठीचा उरलेला पत्रा शोधायला उठले होते.

आपल्याकडं असं खोकं मिळत नाही आणि कागदही उलटा वाचता येत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा सरळ आहे. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी हवी तर गाडीचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून पास व्हायला हवा. तिथं ब्रेक, धूर, दिवे, सगळं मोजतात. मामांच्या नंबरप्लेटवर म्हणूनच एमएच-२६ च्या पुढं आकडे नाहीत. तिथं लिहिलंय, 'अर्ज करणार आहे'.

एकदा हायवेच्या तोंडाशी हवालदारानं अडवलं. मामांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. मुंबईत चारकोपला एका वैमानिकानं, अमोल यादव त्यांचं नाव, इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं, ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, खेटे घालून घालून सरकारकडून नोंदणीही मिळवली. गच्चीवरच्या विमानाला कागद मिळतो, मग माझ्या गाडीला का नाही? हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "मग ही पण उडवून न्या, मामा. रस्त्यावर आणू नका." तेव्हापासून गाडी शेतरस्त्यानं आणि कॅनॉलच्या कडेनं हिंडते.

माळेगावच्या यात्रेला मात्र ती गेलीच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. खंडोबाच्या त्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो. मामांनी गाडी घोड्यांच्या रांगेशेजारी लावली. गर्दी घोड्यांपेक्षा जास्त. एक लातूरकडचा गडी आला, घोड्याचे दात बघावेत तसं त्यानं बॉनेट उचललं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "वय काय?" मामा म्हणाले, "कुठल्या भागाचं?"

२०२१ च्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली आणि तिनं राज्यातल्या सगळ्या मामांची झोप उडवली. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप बनवली, साठ हजारांच्या आसपास खर्चात, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघितला. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, पण ह्या माणसाचं कौतुक आहे, असं म्हणून त्यांनी जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये दिलीसुद्धा. महिंद्रांना हे कळणारच. त्यांच्या कंपनीनं सुरुवातीच्या काळात अमेरिकेहून आलेल्या विलिस जीपचे सुटे भागच जोडले होते. म्हणजे मुळात तेही एक मामाच.

त्या दिवसापासून आळीतलं पोरगं-सोरगं विचारतं, "मामा, साहेबाचा फोन आला का?" मामा आधी चिडायचे. आता त्यांचं उत्तर तयार आहे. फोन आला तरी गाडी द्यायची नाही. बोलेरो चांगलीच असते, पण बोलेरोला मामा कशाला लागतो? मामींचं मत वेगळं आहे. फोन त्यांच्या मोबाइलवर यावा म्हणून व्हिडिओखाली नंबर आपला टाकून घ्यायला त्यांनी भाच्याला परस्पर सांगून ठेवलंय, आणि बोलेरोसोबत कोठीही मिळते का, तेही विचारायला.

नांदेडहून हदगावकडं जाताना अर्धापूरच्या आसपास कॅनॉलच्या कडेला बुलेटचे दोन दिवे आणि त्यामागं निळा पत्रा दिसला, तर जरूर थांबा. दोन माणसांचा धक्का पुरतो. फक्त मामांनी गेल्याच आठवड्यात एक्सल पुन्हा खोलून बसवलाय. तेव्हा हात लावण्याआधी एवढं विचारून घ्या, धक्का मागून द्यायचा की पुढून.