दोन श्रावणांचे काका

उज्जैनमधल्या मराठी घरात श्रावण दीड महिन्याचा असतो. मालव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून शेजाऱ्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि आपला त्यांच्यानंतर पंधरा दिवस सुटतो. महाकालाने यावर फार समंजस तोडगा काढलाय. त्याची सोमवारची सवारी शेजाऱ्यांच्या श्रावणात निघू लागते ती आपला श्रावण सरेपर्यंत निघतच राहते. ही शिंदेशाहीतली रीत, असं जुनी मंडळी सांगतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात हे देऊळ पुन्हा उभारलं. तेवढ्या उपकारापोटी देवाने मराठी पंचांगाची भीड ठेवली तर बिघडलं कुठे?

देव सुटला. अडकले काका.

हे कुणाचेच सख्खे काका नव्हेत. आमच्या मराठी मंडळात त्यांना पदही नाही. अध्यक्ष बदलत राहतात. हॉलची किल्ली मात्र कायम काकांच्या खिशात. स्कूटरवर पुढे सतरंजी, मागे माइकचा स्टँड आणि डिकीत पावतीपुस्तक. वर्गणी मागायची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. काही न बोलता ते पावतीवर आधी तुमचं नाव लिहितात, तेही सुवाच्य अक्षरात, वडिलांच्या नावासकट. मग पेन रकमेच्या रकान्यावर टेकवून चष्म्यावरून बघतात. नाव लिहून झालेली पावती फाडून टाका म्हणणारा माणूस आमच्या फ्रीगंज भागात अजून जन्मायचाय.

दोन पंचांगांच्या सांध्यावर काका पहारा देतात. दोन्ही श्रावण धरणाऱ्या आज्यांचे उपास कधी लागतात, कधी सुटतात, हे त्यांना तोंडपाठ. श्राद्धपक्षात तर ते फोनला चिकटलेलेच असतात. इथली आश्विन अमावास्या म्हणजे सर्वपित्री. पुण्यात त्याच नावाच्या तिथीला लक्ष्मीपूजन. नुसती तिथी कळवली, तर पुण्याचे भावोजी महिनाभर उशिरा, चकल्यांचा डबा घेऊन श्राद्धाला हजर व्हायचे! म्हणून काका इंग्रजी तारीख कळवतात, आणि पलीकडून ती तीनदा वदवून घेतात.

सवारीच्या दिवशी ते साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं घेऊन रस्त्याकडेला उभे. पालखी रामघाटावर जाते, क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि गोपाळ मंदिरावरून ती परतते. तोवर पातेल्याचा तळ दिसलेला असतो. खिचडीवर शेव घालावी की नाही, यावर आमच्यात तट आहेत. मालव्याचं म्हणणं, उपासाची शेव घातल्याशिवाय ती खिचडी कसली? आमच्या आज्या म्हणतात, शिव शिव! काका शेवेचं ताट बाजूला ठेवतात आणि त्यावर राखण करायला सर्वांत कडव्या आजींनाच बसवतात. दुसऱ्या सोमवारी त्या स्वतःहून विचारत होत्या, ‘‘बेटा, और डालूँ?’’

माझ्या मते काकांचं सगळं राजकारण एवढंच आहे : जो नाक मुरडेल, त्याला कामाला लावायचं. माइक खरखरतोय म्हणालात, तर तुम्ही माइकप्रमुख. कोजागरीच्या दुधात साखर कमी म्हणालात, तर पुढच्या वर्षी साखर तुमची. त्यामुळे आमच्या मंडळात तक्रार करायला आता कुणी उरलेलं नाही, सगळेच पदाधिकारी. मी एकदा, तेही हळूच, ‘चपला फार अस्ताव्यस्त पडतात’ असं पुटपुटलो होतो. काकांना कमी ऐकू येतं, पण ते फक्त ‘आज जमणार नाही’ म्हटल्यावर. चपलांचं खातं तेव्हापासून माझ्याकडे आहे.

2028चा सिंहस्थ अजून लांब आहे, असं आपल्याला वाटतं. परवा काका घरी आले, चहा घेतला, टेप काढली आणि आमच्या वरच्या खोलीची लांबी-रुंदी मोजली. ‘‘जळगावकडची पंधरा माणसं सहज मावतील,’’ म्हणाले. बायको म्हणाली, ‘‘काका, त्या खोलीचा पंखा खूप आवाज करतो हो.’’

पंखे आता तिच्याकडे आहेत.